गावासाठी एक हौद: कोकणातल्या सरपंचांना आणि ग्रामसभांना खुलं पत्र

सन्माननीय सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामसभेला येणाऱ्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यात राहते आणि गेली सोळा वर्षं बांबूचं काम करते. खुर्च्या, पलंग, मांडण्या, पडवीचे आणि मांगराच्या (शेतावरच्या घराच्या) छपराचे सांगाडे असं काम असतं. सोबत गावातल्या पाच बायका आणि दोन मुलगे आहेत. हे पत्र एका मागणीसाठी लिहिते आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तुमच्यापुढे गावाचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा येईल. त्यात एक ओळ घाला: बांबू टिकावा म्हणून त्यावर प्रक्रिया करण्यासाठी गावाचा स्वतःचा हौद. वीस फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट खोल. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) बांधकाम, आतून सिमेंटचा गिलावा, वर घट्ट झाकण आणि सावलीला चार पत्रे.

तुमच्यासमोर रस्ता आहे, नळपाणी आहे, शाळेची गळकी खोली आहे. त्यात हौदाचं काय घेऊन बसलात, असं कोणीतरी म्हणेलच. म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आपल्याकडे बांबू नाही असं घर दाखवा. परसात, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला, कुंपणाच्या कोपऱ्यात माणगा या जातीच्या बांबूचं एखादं बेट असतंच. आपल्या जुन्या माणसांनी माणगा निवडला तो उगीच नाही. त्याला काटे नाहीत, काठी सरळ जाते आणि खालचा अर्धा भाग जवळजवळ भरीव असतो. त्याशिवाय चिवार आहे, काटेरी कळक आहे. आंबे उतरवायचा झेला, भाताची कणगी, तांदूळ धुवायची रोवळी, मांडवाचे खांब, कुडाच्या भिंती हे सगळं त्यातूनच आलं. आणि तरीही आज कोणाला विचारा, घराच्या कामाला बांबू वापरशील का? उत्तर ठरलेलं आहे: "बांबू काय टिकत नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते माझ्याच कामाबद्दल होतं.

काम सुरू केलं त्या वर्षी मला समुद्रकाठच्या एका निवासाची ऑर्डर मिळाली. चारी बाजूंनी उघडी झोपडी, मध्ये गोल बाक, गणपतीपूर्वी तयार हवी. ऑर्डर मिळाली चैत्रात. मी वैशाखात बांबू तोडून घेतला, जिथे मिळेल तिथून, जो मिळेल तो. काम देखणं झालं. वॉर्निश मारल्यावर काठ्या मधासारख्या चमकत होत्या. दिवाळीला तिथून फोन आला. जाऊन बघते तर बाकावर पिवळसर पीठ पडलेलं, कोणी बेसन चाळून ठेवावं तसं. तिथल्या बाई म्हणाल्या की रोज सकाळी झाडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. मी वाकून पाहिलं. काठीला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, एका पेरात पंचवीस-तीस. शांत उभं राहिलं की आतून करकर ऐकू येत होतं. अंगठ्याने दाबलं तर वॉर्निशचा पापुद्रा तेवढा हाताला लागला, आत भुसा. मालक भले होते. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "ताई, तुमचं काम सुंदर होतं, पण बांबू तो बांबूच."

मी उरलेले पैसे घेतले नाहीत. पण ते वाक्य मला पैशांपेक्षा जास्त लागलं, कारण त्यात चूक बांबूच्या माथी मारली होती आणि ती माझी होती. ती नेमकी कुठे झाली हे समजायला मला पुढची दोन वर्षं लागली. जे समजलं ते इथे मांडते, कारण हौदाची गरज त्यातूनच कळते.

बांबू हे गवत आहे. उसाच्या आणि भाताच्या कुळातलं. पहिल्या पावसानंतर जमिनीतून कोंब वर येतो तो जन्मतःच पूर्ण जाडीचा असतो. नंतर काठी उंच होते, जाड होत नाही. दोन-तीन महिन्यांत ती आपली पूर्ण उंची गाठते. आता विचार करा, त्या कोंबाला सुरुवातीला पानं नसतात. मग एवढ्या झपाट्याने वाढायला अन्न कुठून येतं? बेटातल्या मोठ्या काठ्यांकडून आणि जमिनीखालच्या कंदांकडून. त्यांनी ते पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत साठवून ठेवलेलं असतं. म्हणजे चैत्र-वैशाखात काठी स्टार्चने ठासून भरलेली असते. काठीला भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्याला हवा असतो तो हाच स्टार्च. मी नेमकी तेव्हा तोड केली होती. भरलेलं कोठार घेऊन मी त्याचा बाक केला आणि वर वॉर्निश मारलं.

आता तुमच्या गावात तोड कधी होते ते आठवा. पावसाच्या तोंडावर, एप्रिल-मे मध्ये. घाटावरचा ट्रक येतो, टोमॅटोला, द्राक्षाला, डाळिंबाला टेकू हवे असतात. तोड कधी करायची हे आपल्याकडे ट्रक ठरवतो, बांबू ठरवत नाही. पैशाची नड असते, मुलांच्या शाळेचा खर्च तोंडावर असतो, मग पूर्ण बेट रिकामं करून देतात. पिकलेली काठी, कोवळी काठी, सगळी एकाच भावात. ती काठी घाटावर दोन हंगाम उन्हापावसात जमिनीत रोवलेली राहते, तळाशी कुजते आणि चुलीत जाते. आणि आपण म्हणतो, बांबू टिकत नाही.

आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळी असं नव्हतं. त्यांच्या हातचा मांगर मी लग्न होऊन आले तेव्हा उभा होता, त्याच्या बांबूच्या रिपा अजून शाबूत होत्या. त्यांची पद्धत सासूबाईंनी मला सांगितली. दिवाळी झाली, थंडी पडली, की तोड. तीही काळोखात, म्हणजे अमावास्येकडच्या पंधरवड्यात. मग काठ्यांची मोळी बांधून व्हाळाच्या कोंडीत टाकायची, वर दगड ठेवायचे आणि तीन-चार आठवडे विसरून जायचं. काढताना पाणी काळं झालेलं असायचं आणि वास असा की चार दिवस हात धुतले तरी जात नसे. तो वास कसला? काठीतली साखर आणि स्टार्च पाण्यात उतरून कुजल्याचा. भुंगेऱ्याचं जेवण व्हाळ घेऊन जायचा.

काळोखाचं म्हणाल तर चंद्राने किती फरक पडतो याची खात्री मी देणार नाही. मी पाळते, कारण पाळल्याने काही बिघडत नाही. पण ऋतूचा नियम आणि वयाचा नियम यात मात्र तडजोड नको. काठी तिसऱ्या-चौथ्या वर्षी पिकते. पहिल्या वर्षीची गर्द हिरवी, अंगावर पांढरी भुकटी, पेरांना वाळकी आवरणं चिकटलेली. दुसऱ्या वर्षी आवरणं गळतात. तिसऱ्या वर्षी रंग मळका होतो, दगडफुलासारखे पांढुरके डाग दिसतात आणि कोयत्याच्या पाठीने टकटक केली की आवाज टणक येतो. ज्याला आवाज ओळखता येत नाही त्याने दरवर्षी नव्या काठीवर रंगाचा पट्टा मारावा: यंदा लाल, पुढच्या वर्षी पिवळा, त्यानंतर पांढरा. चौथ्या वर्षी लाल पट्ट्याच्या काठ्या तोडायच्या. शाळेतली मुलंसुद्धा हे काम करतील.

एका बेटातून वर्षाला साधारण चौथा हिस्सा काठ्या काढाव्यात, जास्त नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षीच्या काठ्यांना हात लावायचा नाही, पुढच्या पावसातल्या कोंबांची आई त्याच असतात. तोडताना जमिनीलगतच्या पहिल्या गाठीच्या अगदी वर कोयता लावायचा. मध्येच तोडलं तर खाली कप तयार होतो, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि कंद कुजतो. इतकं सांभाळलं की तेच बेट तुमच्या मुलाला आणि नातवालाही काठ्या देईल. सागाचं झाड एकदा तोडलं की पुढची पिढी वाट बघते. चिरा खाणीतून एकदा काढला की तिथे खड्डाच राहतो. बांबूला "पुन्हा पुन्हा मिळणारा" म्हणतात ते याच अर्थाने, आणि तो अर्थ फक्त नीट तोडणाऱ्यासाठी खरा आहे.

आता हौद. व्हाळाची पद्धत चांगलीच आहे, पण व्हाळाला आता तेवढं पाणी आणि तेवढी कोंड राहिली कुठे? आणि व्हाळाने स्टार्च कमी होतो, वाळवी आणि बुरशी पूर्ण थांबत नाही. त्यासाठी टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिड यांचं द्रावण वापरतात. शंभर लिटर पाण्यात तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक ॲसिड. दोन्ही पांढऱ्या पावडरी, बाजारात मिळणाऱ्या. वर सांगितलेल्या मापाच्या हौदात बांबू रचल्यावर जेवढं पाणी मावतं त्याला शंभर-सव्वाशे किलो माल लागतो. द्रावण एकदाच वापरून फेकायचं नसतं. जेवढं कमी होईल तेवढं वर घालत जायचं, अनेक खेपा निघतात.

पोकळ काठीतून लांब लोखंडी सळई आरपार घालून आतले पडदे फोडायचे, म्हणजे द्रावण आतूनही लागतं. माणग्याला हे जमत नाही, तो भरीव. त्याला आम्ही प्रत्येक पेरात बारीक छिद्र पाडतो आणि दोन आठवडे बुडवून ठेवतो. चिरलेल्या कामट्यांना कमी दिवस पुरतात. काठी बाहेर काढली की सावलीत उभी करून वाळवायची. उन्हात टाकली तर फुटते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी एक साधी परीक्षा घेतली. हौदातून काढलेली एक काठी आणि तशीच ठेवलेली एक काठी, दोन्ही पडवीत एकाच खिळ्याला टांगल्या. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत एकीखाली पिठाची रांगोळी पडली होती. दुसरी आजही तिथे आहे, मी तिच्यावर टॉवेल वाळत घालते.

आणि आता मुद्द्याचं. ही प्रक्रिया हिरव्या, ओल्या काठीवरच नीट होते. काठीच्या आत ओल असते तोवरच क्षार आत शिरतो. एकदा काठी वाळली की द्रावण वरवर राहतं. म्हणजे तोडल्यापासून थोड्याच दिवसांत काठी हौदात गेली पाहिजे. हिरवा बांबू वजनाला जड. तो टेम्पोत घालून तालुक्याला न्यायचा, रांग लावायची, परत आणायचा, हे वीस काठ्या असलेल्या शेतकऱ्याला परवडणारच नाही. कुडाळमध्ये बांबूसाठी काम करणारी कॉनबॅकसारखी संस्था आहे, तिथून पुष्कळांनी शिकून घेतलं आहे. पण शिकलेलं वापरायला गावात जागा हवी. म्हणून हौद हवा आणि तो गावातच हवा. भाताला जशी गावात गिरण लागते तसा. कोणी एकट्याने बांधायचा म्हटलं तर वर्षातले दहा महिने रिकामा राहील. गावाचा असेल तर थंडीभर भरलेला राहील. ज्याची काठी त्याने काठीमागे ठरलेली रक्कम द्यावी, त्यातून पुढचा टाकणखार यावा. चालवायला गावात बचत गट आहेतच.

वित्त आयोगाच्या अबंधित निधीत हे बसतं की अन्य कशात, हे तुमचे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला एवढंच सांगायचं आहे की हे बांधकाम एखाद्या बसथांब्यापेक्षा मोठं नाही.

काही सदस्यांच्या मनात अजून वनखात्याची धास्ती असते, तेही बोलून घेते. इंग्रजांनी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ताड, बुंधे, झुडपं आणि वेत यांच्या रांगेत बसवून बांबूलाही "झाड" ठरवलं होतं. शेतात लावलेल्या गवतालाही झाडाचे नियम लागू झाले. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला. आपल्या परसातला माणगा आता कायद्यालाही गवतच दिसतो.

विदर्भातल्या लोकांना मात्र यासाठी झगडावं लागलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्या कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे गावाला घेता आणि विकता येणारी जंगलातली उपज. तरी तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना हाती नव्हता. गावाचे नेते देवाजी तोफा आणि गावकरी हटले नाहीत. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. कधी विकायचा, कोणाला विकायचा, किती ठेवायचा, हे तिथे गाव बसून ठरवू लागलं. आपल्याकडे बेटं आपल्याच सातबाऱ्यावर आहेत, कोणाशी भांडायचं नाही. आणि तरी आपण ट्रकवाल्याला ठरवू देतो, याचं मला वाईट वाटतं.

बांबूबद्दल मोबाइलवर पुष्कळ काही फिरतं. बांबू इतर झाडांपेक्षा पस्तीस टक्के जास्त ऑक्सिजन देतो, बांबू पोलादाहून मजबूत, दोन वर्षांत लखपती व्हा. कृपा करून ग्रामसभेत अशा वाक्यांवर निर्णय घेऊ नका. बांबूला खोट्या स्तुतीची गरज नाही. त्याच्या आकड्यांपेक्षा मला एक साधा हिशेब पटतो. काठी वाढताना हवेतला कार्बन अंगात घेते हे खरं. पण ती काठी दोन वर्षांत कुजली किंवा जळली तर तो कार्बन होता तिथेच परत गेला. तीच काठी तुमच्या पडवीत पंचवीस वर्षं राहिली आणि तिथे लोखंडी पाइप किंवा सिमेंटचा खांब लागला नाही, तर काहीतरी खरोखर वाचलं. बेटात तोवर नव्या काठ्या आल्याच. म्हणजे बांबू किती लावला यापेक्षा तो किती वर्षं वापरात राहिला, हे पाहायला हवं. सरकारच्या योजनांत रोपांचा भर मोठा आहे. राष्ट्रीय बांबू मिशन आहे, राज्याची अटल बांबू समृद्धी योजना आहे. रोपं लावाच. पण लावलेलं रोप चार वर्षांनी तोडायला येईल आणि त्या दिवशी गावात हौद नसेल, तर तेही त्याच ट्रकमध्ये चढेल.

मोठ्या कामांत बांबू कसा वापरतात पाहा. २०२३ मध्ये वणी-वरोरा महामार्गावर दोनशे मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसवला, त्याला "बाहुबली" नाव दिलं. एरवी जिथे पोलादी पट्ट्या असतात तिथे बांबू. पण तो बेटातून तोडून थेट रस्त्यावर उभा केला नाही. आधी लाकूड कुजू न देणाऱ्या क्रिओसोट तेलाची प्रक्रिया, मग त्यावर प्लास्टिकचं आवरण, आणि इंदूरजवळच्या पिथमपूरच्या केंद्रात धडकेची चाचणी. बंगळूरच्या विमानतळाचं दुसरं टर्मिनल बघून आलेले लोक तिथल्या बांबूने मढवलेल्या छताचं कौतुक सांगतात. तिथेही काठी थेट आलेली नाही, प्रक्रिया करून, चिरून, दाबून आली आहे. भारतीय मानक ब्युरोचं बांबूच्या संरक्षणासाठी आयएस ९०९६ हे मानक आहे, रचनेसाठी आयएस १५९१२ आहे, राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूचा स्वतंत्र विभाग आहे. तुमच्याकडे येणाऱ्या अभियंत्यांनी "बांबूला नियमच नाहीत" असं म्हटलं तर हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा.

हौदाच्या मर्यादाही मला सांगितल्याच पाहिजेत, नाहीतर दोन वर्षांनी तुम्ही मला बोल लावाल. टाकणखाराचं द्रावण पाण्याने पुन्हा धुऊन निघतं. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. म्हणून हौदातून काढलेला बांबूही उघड्यावर, थेट मातीत रोवायचा नाही. खाली चिरा, वर कौल किंवा पत्रा, आणि छपराची वळचण इतकी पुढे की पावसाची झड काठीला लागणार नाही. एवढं केलं तर तो खांब, वासा, रिप, बाक म्हणून वर्षानुवर्षं राहील. कुंपणासाठी, भाजीच्या मांडवासाठी प्रक्रियेच्या भानगडीत पडू नका, तिथे साधी काठी बदलत राहणंच योग्य.

दुसरी गोष्ट मुलाबाळांची आणि गुरांची. हे द्रावण पोटात जाता कामा नये. म्हणून झाकण आणि कुलूप हवंच, आणि उरलेलं द्रावण व्हाळात किंवा बागेत सोडायचं नाही, झाडांनाही ते बाधतं. आणि सूप, रोवळी, टोपल्या, जिथे खायची वस्तू राहणार, त्या कामट्या या हौदात कधीच घालायच्या नाहीत. त्यांना व्हाळाचं पाणी आणि चुलीवरच्या माळ्याचा धूर. आजीची सुपं वर्षानुवर्षं टिकायची ती धुराने काळी झाल्यामुळेच.

टोपल्यांचा विषय निघाला म्हणून बुरूड घरांबद्दल. त्यांना आमच्यासारखी चार वर्षांची टणक काठी चालत नाही, कोवळी, लांब कांड्यांची, लवचीक लागते, आणि तीही ताजी. सगळी बेटं ट्रकला विकली गेली की त्यांना गावातच काठी मिळत नाही. गावाने तोडीचं वेळापत्रक केलं तर त्यांच्या वाट्याच्या काठ्या आधी बाजूला ठेवा. कोणती जात लावायची हे ठरवतानाही आधी त्यांना विचारा. सूप कोणत्या बांबूचं होतं हे त्यांच्याएवढं कोणालाच माहीत नाही.

आणखी एक विनंती, ती हौदाशी जोडलेली नाही पण मनातून जात नाही. आमच्या इथे व्हाळाच्या वळणावर एक जुनं बेट होतं. पाणंद रुंद करायला जेसीबी आला आणि अर्ध्या दिवसात बेट कंदासकट उपटून बाजूला फेकलं. बांबूचे कंद आणि मुळं जमिनीच्या वरच्या थरात जाळ्यासारखी एकमेकांत गुंततात. ते जाळं म्हणजेच तो काठ होता. पुढच्याच पावसाळ्यात तिथला काठ खचला, पाणंदीचा निम्मा भाग व्हाळात गेला, आणि पलीकडच्या भाताच्या कुणग्यात गोटे येऊन पडले. आता तिथे सिमेंटची भिंत मागताहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा माझ्या अंगणातलं कलम मुळासकट पडलं. मागचं माणग्याचं बेट रात्रभर जमिनीला टेकत होतं आणि सकाळी उभं होतं. रस्त्याचं काम मंजूर करताना व्हाळाकाठची बेटं नकाशावर दाखवायला सांगा. एवढ्याने पुष्कळ काठ वाचतील.

हौद झाला तर काठ्या घेणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. पहिलं गिऱ्हाईक ग्रामपंचायतीने व्हावं. अंगणवाडीतल्या बुटक्या खुर्च्या आणि टेबलं, वाचनालयाच्या मांडण्या, शाळेच्या पडवीतले बाक, बसथांब्याच्या छपराचा सांगाडा. हे सगळं छपराखालचं काम आहे, आणि दरवर्षी कुठूनतरी प्लास्टिकचं किंवा लोखंडाचं विकत येतंच. अंगणवाडीची प्लास्टिकची खुर्ची मोडली की ती कुठे जाते ते तुम्ही पाहिलंय, शाळेमागच्या खड्ड्यात. बांबूच्या खुर्चीचा पाय मोडला तर मी किंवा माझ्यासारखी दुसरी कोणी दुपारी येऊन नवा बसवेल. गावाने स्वतः वापरलेली वस्तू चार जण रोज बघतात, हात लावून पाहतात, मग आपल्या घरासाठी विचारायला येतात. माझ्याकडे आलेली निम्मी कामं अशीच, एका शाळेतल्या मांडण्या बघून आली. घाटावरचा ट्रक बंद करा असं मी म्हणत नाही. वाकड्या आणि बारीक काठ्या त्याला द्या. सरळ, पिकलेली काठी मात्र हौदातून काढून, वाळवून, चार पैसे जास्त घेऊन विका.

वेळेचं गणित असं आहे. २ ऑक्टोबरला ठराव झाला तर दिवाळीपर्यंत जागा आणि चिरे ठरतील. पाण्याजवळची, पण व्हाळाच्या पुराच्या रेषेपासून वर असलेली जागा निवडा, शेजारी काठ्या उभ्या करायला झाडांची सावली असेल तर उत्तम. गिलावा सुकून हौद मार्गशीर्षात भरता येईल, आणि माघ संपेपर्यंत पाच-सहा खेपा निघतील. ठराव पुढच्या ग्रामसभेवर ढकलला तर हंगाम गेला. मग काठी पुन्हा वैशाखातच तुटेल.

ज्या गावात ठराव होईल तिथे मी आणि माझ्यासोबतच्या बायका दोन दिवस यायला तयार आहोत. पहिल्या दिवशी बेटांत फिरून कोणती काठी पिकली आहे ते दाखवू आणि रंगाचे पट्टे मारू. दुसऱ्या दिवशी पहिला हौद भरून देऊ. मजुरी नको, दुपारचं जेवण द्या. कोयता आणि सळई आम्ही आणतो, टाकणखार मात्र आधी आणून ठेवा.

आपली,
कुडाळ तालुक्यातली एक बांबू कारागीर